टँकरचं पाणी थेट मशीनला? मामी, तो मेसेज आधी पुसा

मंगळवारी मामा सकाळी सहालाच डायलिसिसला गेला आणि तसाच परत आला. पाण्याची टेस्ट पास होईना म्हणून सेंटरने पहिली शिफ्ट दुपारवर ढकलली होती. दहा वाजेपर्यंत मामीच्या फोनवर मेसेज हजर: 'डायलिसिसवाल्यांची लूट ओळखा! टीडीएस शंभरच्या आत असेल तर कुठलंही पाणी मशीनला चालतं. टँकरच्या पाण्यात क्लोरीन टाकलं की ते शुद्ध. शंका असेल तर उकळा. प्लांट बंद आहे हे नुसतं नाटक.' मामीचा लगेच फोन, "अरे, तू याच लाइनीतला ना? आपल्याला उगाच परत पाठवलं का रे?"

उगाच नाही. हो, मी याच लाइनीतला, डायलिसिस टेक्निशियन. त्यामुळे क्लोरीनपासूनच सुरुवात करतो, कारण या मेसेजमुळे माणूस मेला तर त्या ओळीमुळे मरेल.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन हवंच. भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन 0.1 च्या वर गेलेलं चालत नाही. म्हणजे जे पाणी तुम्ही बिनघोर पिता, तेच इथे नापास. प्यायलेलं पाणी पोटातून, आतड्यातून जातं. मशीनवर रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, आणि चार तासांत जवळपास 120 लिटर पाणी त्याला लागून वाहतं. क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनणारं क्लोरामाइन त्या पडद्यातून सहज पलीकडे जातं आणि तांबड्या पेशी फोडतं.

म्हणून आम्ही पेशंट मशीनला लावण्याआधी कार्बन टाकीनंतरचा (पाण्यातलं क्लोरीन शोषून घेणारी ती टाकी) कॉक सोडतो, थोडं पाणी वाहू देतो, मग छोट्या नळीत धरून त्यात रसायन टाकतो. पाणी गुलाबी झालं की शिफ्ट थांबली. उन्हाळ्यात टँकरवाला ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओततो, आणि कार्बन ठरल्या तारखेच्या आधीच दम टाकतो. मामाच्या सेंटरवर नेमकं हेच झालं होतं. ज्याने पेशंट परत पाठवला त्याने आपलं काम केलं.

टँकरचं म्हणाल तर ब्राझीलमधल्या कारुआरू शहराचं ऐका. 1996 सालचा दुष्काळ. तिथल्या डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेलं, नीट प्रक्रिया न झालेलं पाणी वापरलं गेलं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. 131 पैकी 116 रुग्णांना मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला, 100 जणांचं यकृत निकामी झालं आणि किमान 50 जण गेले. हे विष उकळून जात नाही, आणि टीडीएस मीटरला तर ते दिसतही नाही.

मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात. जिवाणू नाहीत, मेलेल्या जिवाणूंचं विषही नाही. आणि उकळायचंच म्हणाल तर 120 लिटरचं पातेलं कुठून आणणार? आणलंच तरी अॅल्युमिनियम, फ्लोराइड पाण्यात तसंच राहील, उलट पाणी आटून जास्त घट्ट होईल.

लुटीचं म्हणाल तर, नाइलाजाने कबूल करतो, थोडं तथ्य आहे. काही ठिकाणी पाण्याचा नमुना महिनोन्महिने लॅबला जात नाही, कार्बन बदलल्याची नोंद फक्त वहीत असते. पैसे घेता तर रिपोर्ट दाखवा, असं विचारायचा हक्क पेशंटला आहे. जिवाणूंचा आणि एंडोटॉक्सिनचा, म्हणजे त्या मेलेल्या जिवाणूंच्या विषाचा, दोन्ही रिपोर्ट मागायचे. पण त्यावर उपाय म्हणून कार्बन आणि आरओ काढून टँकरची नळी मशीनला जोडायची?

मामाचं डायलिसिस त्याच दिवशी साडेतीनला सुरू झालं. मामीने मेसेज अजून पुसलेला नाही. गुरुवारी सेंटरला जाऊन एंडोटॉक्सिनचा रिपोर्ट मागणार म्हणतात, आणि तो शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा लिहून घेतलाय.