राज्यांचे हक्क, पण कशावरचे? जॉर्जियाहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या (1861 ते 1865, संघराज्यातून फुटलेली दक्षिणेतली गुलामगिरीची राज्यं विरुद्ध उत्तर) माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: युद्ध गुलामगिरीवरून झालं ही जेत्यांनी नंतर रचलेली गोष्ट, खरं कारण आयातकर आणि राज्यांचे हक्क (म्हणजे राज्याच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये), राष्ट्राध्यक्ष लिंकनला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं, आणि ‘तुम्ही पुण्यात बसून लिहिता, मी बावीस वर्षं जॉर्जियात राहतोय.’

आधी माझी चूक. ‘उत्तरेत गुलामगिरी नव्हती’ असं मी सरसकट लिहून टाकलं होतं. तुम्ही बरोबर पकडलंत. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसूरी ही चारही गुलामगिरीची राज्यं संघराज्यातच राहिली. एकट्या केंटकीत 1860 साली दोन लाखांहून जास्त गुलाम होते, आणि 1 जानेवारी 1863 ची लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा या चार राज्यांना लागूच नव्हती. लेखातलं वाक्य बदललं आहे.

आता जॉर्जिया. पुण्यात बसून लिहितो हे खरं, म्हणून माझं राहू द्या, तुमच्याच राज्याचं ऐकू. 19 जानेवारी 1861 ला जॉर्जिया फुटून निघालं आणि दहा दिवसांनी त्याची कारणं जाहीर केली. सुरुवातीलाच म्हटलंय की गेली दहा वर्षं ‘आफ्रिकी गुलामगिरीच्या विषयाबाबत’ गुलाम न बाळगणाऱ्या राज्यांविरुद्ध आमच्या अनेक गंभीर तक्रारी आहेत. पुढे आमची तीन अब्ज डॉलरची मालमत्ता पश्चिमेच्या सामायिक प्रदेशांत (अजून राज्य न झालेल्या भागांत) बेकायदा ठरवली, असा आरोप आहे. मालमत्ता म्हणजे माणसं, हे वेगळं सांगायला नको. आणि आयातकर? त्याचाही उल्लेख आहे, पण तक्रार म्हणून नाही. 1846 च्या कायद्याने तो वाद मिटला, खुला व्यापार आणि कमी जकात हाच अमेरिकी जनतेचा कौल, असं जॉर्जियाच सांगतंय! जकात वाढवणारा मॉरिल कायदा मंजूर झाला मार्च 1861 मध्ये, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यावर. त्यांचे सिनेटर जागेवर असते तर तो अडला असता. साउथ कॅरोलायनाच्या, फुटण्याचा ठराव करणाऱ्या अधिवेशनाने काढलेल्या एका आवाहनात करांचं रडगाणं आहे, हे मान्य. पण त्याच अधिवेशनाच्या कारणांच्या जाहीरनाम्यात करांची तक्रार सापडत नाही. तिथे राग आहे तो पळून गेलेले गुलाम परत न करणाऱ्या राज्यांवर.

राज्यांच्या हक्कांचा मुद्दा मात्र मला खरंच महत्त्वाचा वाटतो, फक्त तो तुम्ही उलटा धरलाय. 1850 चा फरारी गुलामांचा कायदा बघा. पकडून आणलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. निवाडा करणारा कमिशनर त्याला मालकाच्या हवाली करी तेव्हा त्याची फी दहा डॉलर, सोडून देई तेव्हा पाच. (जास्त कागदपत्रं करावी लागतात, असं त्याचं समर्थन होतं. बाबूंची सबब कुठल्याही देशात सारखीच.) रस्त्यावरच्या साध्या माणसालाही ‘चल, धरायला मदत कर’ असं फर्मावता येत होतं. हे सगळं वॉशिंग्टनने उत्तरेतल्या राज्यांवर लादलं, आणि दक्षिणेने मागून घेतलं.

बॉस्टनमध्ये मे 1854 मध्ये अँथनी बर्न्स नावाचा विशीतला तरुण असाच पकडला गेला. व्हर्जिनियाहून जहाजात लपून आला होता, कपड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. भावाला लिहिलेलं पत्र मालकाच्या हाती पडलं आणि ठावठिकाणा कळला. चोरीचा खोटा आळ घालून त्याला धरलं. लोकांनी कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला, त्यात एक पहारेकरी मेला. 2 जूनला त्याला कोर्टातून बंदरापर्यंत चालवत नेलं तेव्हा दोन्ही बाजूंना सैन्य, खिडक्यांवर काळं कापड, आणि रस्त्यावर टांगलेली एक शवपेटी, तिच्यावर शब्द ‘स्वातंत्र्य’. एका माणसाला परत न्यायला एवढा बंदोबस्त. अमोस लॉरेन्स हा तिथला बडा कापड व्यापारी, म्हणजे दक्षिणेच्या कापसावर जगणाऱ्यांपैकी. त्याने लिहिलं की रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवाले होतो, उठलो ते गुलामगिरीविरोधी माथेफिरू होऊनच.

त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये जमावाने मिलवॉकीचा तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला सोडवलं. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने तर हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याचा हक्क म्हणतात तो हा! 1859 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल लिहिला सरन्यायाधीश रॉजर टॉनीने, ज्याने दोन वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात काळी माणसं या देशाची नागरिक होऊच शकत नाहीत असं लिहिलं होतं. तेव्हा दक्षिणेतून विस्कॉन्सिनच्या हक्कांसाठी कोणी गळा काढला नाही. उलट न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत, ही साउथ कॅरोलायनाची तक्रार.

लिंकनचं पत्र तुम्ही दिलंत ते खरं आहे, 22 ऑगस्ट 1862 चं, न्यूयॉर्कचा वृत्तपत्र-संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेलं: एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन. पण मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने मंत्रिमंडळाला बरोबर महिनाभर आधी, 22 जुलैला वाचून दाखवला होता. तेही जाऊ दे. अडवणारा का अडवतो आणि जाणारा का जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भावाभावांत वाटणी होते तेव्हा घर न मोडण्यासाठी धडपडणाऱ्याच्या मनात काय आहे, यावरून वेगळा निघणारा कशासाठी निघाला ते कळत नाही.

गरीब गोरा शेतकरी, ज्याच्याकडे एकही गुलाम नव्हता, तो का लढला, हा तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला. गुलामगिरीच्या राज्यांत सुमारे तीन चतुर्थांश गोरी कुटुंबं तशीच होती. काही गावावर चालून आलेल्या फौजेविरुद्ध लढले, काहींना सक्तीने भरती केलं. पण डिसेंबर 1860 मध्ये जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन याने याच लोकांसाठी जाहीर पत्र काढलं होतं: गुलाम सुटले तर ते तुमच्याशी मजुरीत स्पर्धा करतील, तुमची मजुरी खाली येईल. त्याला आपला श्रोता ठाऊक होता.

मिल्जव्हिल तुमच्यापासून किती लांब आहे? जॉर्जियाची जुनी राजधानी. फुटण्याचा ठराव तिथल्याच विधानभवनात 208 विरुद्ध 89 मतांनी झाला. म्हणजे 89 जण तेव्हाही नको म्हणत होते. इमारत अजून उभी आहे, तिथे आता सैनिकी कॉलेज भरतं. कधी गेलात तर दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवा.