बेड पाहिजे? आधी ओळख काढा

एप्रिल २०२१, महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट आलीये. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, ही राज्य सरकारची 'ब्रेक द चेन'ची नियमावली बाकीच्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. १४ एप्रिलपासून जमावबंदीचं कलम १४४ लागलं, मग २२ तारखेपासून अजून कडक केलं, किराणा सकाळी ७ ते ११, जिल्हा ओलांडायचा तर ई-पास, सगळं खरंय, पण ते ज्यांची कुठे ओळख नाही त्या बिचाऱ्यांनी पाळायचं. तुमचा मेव्हणा कुठल्यातरी खात्यात आहेच की.

आता घरात लग्न ठरलं असेल तर ते पुढे ढकलायचा अविचार अजिबात करू नका, यंदा नाही केलं तर पत्रिकेत गुरुबळ परत कधी येणार. नियम काय म्हणतो, २५ माणसं, एकच हॉल, दोन तासांत उरका, नाहीतर ५० हजार दंड. यातलं २५ म्हणजे 'एका पंगतीला २५' असं आपण समजून घ्यायचं. पहिली पंगत मुलीकडची, दुसरी मुलाकडची, तिसरी सोसायटीची, आणि हॉलच्या मागच्या दाराला एक पुतण्या उभा करायचा, पोलिसांची गाडी दिसली की त्याने ग्रुपवर अंगठा टाकायचा. आत्याला चार दिवस कणकण आहे, तोंडाला चव नाही म्हणतेय, तरी तिला घरी ठेवू नका, मानाची आहे ती, आयुष्यभर ऐकवेल. तिला एसीखाली बसवा आणि सगळ्यांनी ओळीने जाऊन पाया पडा. मास्क हनुवटीवर, कारण फोटोवाल्याला पैसे मोजलेत.

चार-पाच दिवसांनी घरात खोकला सुरू होईल. घाबरू नका आणि टेस्ट तर मुळीच करू नका, टेस्ट केली की पॉझिटिव्ह येते हे आता लहान पोरालाही माहितीये. आली की महापालिकेचा फोन, दारावर कागद, आणि काल तुमच्याच लग्नात जिलेबी चापलेले शेजारी आज तुम्हाला बघून लिफ्ट सोडून जिना चढणार. त्यापेक्षा काढा घ्या, वाफ घ्या, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगा. (काढ्याशी माझं भांडण नाहीये, घशाला बरं वाटतं.) कोणीतरी शहाणा ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन, आणून देईल. त्यावर ९१ आलं तर बोट बदला. दुसऱ्या बोटावर ९० आलं तर सेल बदला. नवीन सेल टाकूनही तेच आलं तर मशीन चायनाचं आहे, बाजूला ठेवा. डॉक्टर म्हणतात सहा मिनिटं चालून परत बघा, पण चाललं की आकडा अजून खाली जातो, मग कशाला चालायचं? झोपून राहा.

एवढं करून रात्री साडेअकराला ८४ वर गाडी आली की मग खरा खेळ. मुंबईत असाल तर २४ वॉर्डांत २४ वॉर रूम आहेत, बेड तिथून मिळतो म्हणतात. तिथे फोन करू नका. विचित्र लोक आहेत ते, ऑक्सिजन किती विचारतात, वय विचारतात, शुगर आहे का विचारतात, आणि तुम्ही कोणाचे भाचे आहात हे काही केल्या विचारतच नाहीत. त्यापेक्षा नगरसेवक, आमदारांचा पीए, आणि लायन्स क्लबमध्ये एकदा भेटलेले ते डॉक्टर, तिघांना एकाच वेळी कामाला लावा, म्हणजे तीन ठिकाणी बेड अडवून ठेवता येतो आणि सकाळी निवांत बघता येतं की पार्किंग कुठे बरं आहे.

कुठेच नाही मिळाला तर टीव्ही लावा आणि सरकारला शिव्या घाला, वर्षभर काय झोपले होते का, टाका ना मैदानात खाटा. शिव्या घाला खुशाल, त्यातल्या निम्म्या बरोबरच आहेत. फक्त खाट फर्निचरवाला आठवड्यात देतो, पण त्या खाटेपाशी पीपीई किट घालून, पाणी न पिता, बाथरूमला न जाता उभी राहणारी आयसीयूची सिस्टर कुठल्या दुकानात मिळते ते मला कळवा, नर्सिंगची डिग्रीच चार वर्षांची असते. आणि ऑक्सिजन. साध्या नळीवर मिनिटाला दोन-चार लिटर लागतो, पेशंट हाय फ्लोवर, म्हणजे जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या मशीनवर, गेला की ६० लिटरपर्यंत. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर असतात, म्हणजे एकटा माणूस तो दोन तासांत संपवतो, तुमची तिसरी पंगत बसून उठेपर्यंत. राज्यात बनतो त्यात भागेना म्हणून १९ तारखेला कळंबोलीहून रेल्वेवर सात रिकामे टँकर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ते भरून नागपूर आणि नाशिकला आले. आपल्याला मात्र जिल्हा ओलांडून साखरपुड्याला जाऊ देत नाहीत, बघा म्हणजे कशी आहे यांची शिस्त. (त्याच आठवड्यात नाशिकला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि ऑक्सिजनवरची वीसच्या वर माणसं गेली. यावर मला काही विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.)

बेड मिळाला की रेमडेसिविर, ते सगळे शोधतायत ते इंजेक्शन. पेशंट आत आणि अख्खं खानदान चिठ्ठी घेऊन रस्त्यावर, त्याशिवाय ट्रीटमेंट चालू आहे असं वाटतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं की याने माणूस वाचतो असा पुरावा नाही, ते वापरू नका, पण जागतिक आरोग्य संघटनेला आपल्या फॅमिली ग्रुपवर घेतलंय कोणी? तेव्हा ब्लॅकने घ्या, भाव करू नका, बिल मागू नका. बारामतीत रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी पकडली ना, त्याने नाउमेद व्हायचं नाही, निदान ताप तरी उतरला असता.

आणि शेवटचं, सगळ्यात कामाचं. समजा आठ दिवसांत तुमचा माणूस बरा झाला, नळी काढून दोन दिवस झाले, ९६ आहे, उठून बसतोय, डबा आवडला नाही म्हणून कुरकुरतोय, आणि राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. अजिबात हलायचं नाही. परत काही झालं तर बेड कोण देणार? मेडिक्लेम आहे, पाच लाखांतले तीनच संपलेत, अजून चार दिवस ऑब्झर्वेशनला राहू द्या म्हणावं. डॉक्टरांनी वाद घातला तर मोबाईल काढून व्हिडिओ सुरू करा, पोरगं ३६ तास झोपलेलं नसतं, लगेच गप्प बसतं. आणि खाली गेटवर ॲम्ब्युलन्समधून कोणी बेड द्या म्हणून आरडाओरडा करत असेल तर सिस्टरला सांगून खिडकी लावून घ्या, पेशंटची झोपमोड होते.