एक स्टार देणाऱ्या स्टुडिओवाल्या सरांना आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. ऐन लग्नसराईत तुमचं काम अडलं त्याबद्दल मनापासून सॉरी. लगेच उत्तर दिलं नाही, कारण डोकं तापलेलं असताना काही टाइप करायचं नाही असं घरातून बजावलं होतं.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या नेटवर्कच्या कामात आम्ही दोन केबल टाकून डबल स्पीड सांगितला पण फाईल कॉपी सेकंदाला एकशेदहा मेगाबाईटच्या वर जात नाही, वीज वाचवायचं फीचर आम्ही बंद करून ठेवलं, आणि नंतर एक दिवस अख्खं ऑफिस बंद पडलं. इथपर्यंत मी गुपचूप ऐकून घेतलं असतं. पण शेवटी "साडेतीन हजार घेऊन फसवणूक" लिहिलंय ना, ते लागलं. शाहूपुरीत छोटं दुकान आहे आमचं, जाहिरात वगैरे काही नाही, गिऱ्हाईक येतं ते इथलं रेटिंग बघूनच. तुमचा रिव्ह्यू वाचून एका क्लासवाल्यांनी कॅमेऱ्याचं ठरलेलं काम थांबवलंय, म्हणून सगळं इथंच लिहितो.

आधी स्पीडचं. डबल स्पीड हा शब्द मी वापरलेलाच नाही. कोटेशनमध्ये "एकाच वेळी जास्त मशीन चालतील, आणि एक केबल गेली तरी काम थांबणार नाही" असं लिहिलंय, तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे, ब्लू टिक पण आहे. एका केबलचा स्पीड सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, भागिले आठ १२५ मेगाबाईट, त्यातून हेडर-बिडर (डेटासोबत जाणारा पत्ता वगैरे) वजा जाता हातात एकशेदहा-बारा पडतात. एका मशीनवरून एक फाईल ओढली की तेवढंच मिळणार, दोन केबल टाका नाहीतर चार टाका. सीबीएस स्टँडवर दोन खिडक्या उघडल्या म्हणून एका माणसाचं तिकीट काही दुप्पट वेगानं निघत नाही, रांग लवकर सरते. स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथं जोडतात तो डबा) दोन्हीकडचे ॲड्रेस बघून हिशोब लावतो आणि या मशीनचा डेटा या केबलनं, त्या मशीनचा त्या केबलनं असं ठरवतो, आणि एकदा ठरलं की ती कॉपी त्याच केबलनं जाते, कारण एकाच फाईलची पॅकेट (छोटे तुकडे) दोन वाटांनी सोडली तर मागचं पुढं आणि पुढचं मागं पोचायचं. हा नियम मी केलेला नाही सर. २००० साली केबलची जोडी करायचं ८०२.३ एडी हे स्टँडर्ड आलं तेव्हापासून हे असंच आहे, २००८ ला नंबर बदलून ८०२.१ एएक्स झालं तरी हे काही बदललं नाही.

आणि हे मी नुसतं तोंडानं सांगून गेलो नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन एडिटिंग मशीनवर एकदम कॉपी लावून दाखवली. पहिल्यांदा दोन्ही मशीन एकाच केबलवर बसली आणि दोघांना पन्नास-पंचावन्नच मिळायला लागलं, मग स्विचमध्ये आणि नॅसमध्ये (सगळ्यांच्या फाईल ठेवायचं मशीन) दोन्हीकडं हिशोब मॅकवरून (मशीनचा कंपनीतून आलेला नंबर) बदलून आयपीवर (नेटवर्कमध्ये मिळालेला नंबर) घेतला, आणि नंतर दोन्ही स्क्रीनवर एकशेदहा-एकशेदहा दिसलं. तुमच्याकडचा अल्बमवाला मुलगा शेजारीच उभा होता, त्यानं फोटो पण काढलाय. "दहा मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लावली" असं जे तुम्ही लिहिलंय ती दुपार यातच गेली. पोर्टवर टिक मारून सेव्ह करायला दहा मिनिटं पुरतात, मान्य. पण दोन्ही टोकांना एलएसीपी (केबलची जोडी जमवायचं सेटिंग) लागतं, दोन्हीकडं पॅसिव्ह (नुसतं वाट बघणारं) राहिलं तर जोडणी होतच नाही, एकीकडं तरी ॲक्टिव्ह (स्वतः सुरुवात करणारं) पाहिजे, सगळ्या पोर्टचा स्पीड सारखा पाहिजे, हे तपासायला वेळ लागतो. एकाच मशीनला खरंच जास्त स्पीड हवा असेल तर नॅसपासून तिथंपर्यंत १० गिगची लाईन टाकू असं मी आधीच म्हणालो होतो, तुम्हाला ते महाग वाटलं, वाटू शकतं, पण मग फसवणूक कुठं झाली?

वीज बचतीचं थोडक्यात सांगतो. ते फीचर म्हणजे ८०२.३ एझेड हे स्टँडर्ड, २०१० चं. लाईनवर डेटा नसला की पोर्ट डुलकी घेतो आणि डेटा आला की मायक्रोसेकंदात जागा होतो. दोन्ही टोकांना ते चालत असेल तरच बचत होते. आपण ते सगळीकडं चालू ठेवलंय, फक्त नॅसच्या दोन पोर्टवर बंद केलं, कारण नॅसची लिंक मधेच पडून परत येत होती आणि बंद केल्यावर थांबली. यामुळं लाईट बिल कमी आलं नाही असं म्हणता, तर हिशोब करा, अख्खा स्विच पाच वॉट खातो असं धरलं तरी चोवीस तास महिनाभर चालून ३.६ युनिट होतात, बचत त्यातल्या थोड्याशा भागाची. एडिटिंग रूमचा एसी तेवढे युनिट एका दुपारीत ओढतो.

आता ऑफिस बंद पडलं त्याचं. हे मला लिहायचं नव्हतं, पण रिव्ह्यूमध्ये अर्धंच आलंय. तुमचा फोन आला तेव्हा तुमच्याकडच्या मुलाला विचारलं, स्विचचे दिवे कसे दिसतायत, तर म्हणाला सगळे एकदम लपलप करतायत. तिथंच कळलं की लूप झालाय. खालच्या आणि वरच्या स्विचमध्ये दोन केबल आहेत, त्या जोडीचं सेटिंग उडालं की त्या दोन सुट्या वाटा होतात आणि ब्रॉडकास्ट (सगळ्या मशीनना एकदम जाणारा डेटा) त्यात गोल गोल फिरत राहतं, त्या मॉडेलला लूप अडवायचं सेटिंग आपलं आपण चालू होत नाही. एक केबल काढायला सांगितली, नेट लगेच आलं. मग लॉगिन करायला लावलं तर आमचा पासवर्ड चालेना, कंपनीचा डिफॉल्ट चालला. म्हणजे कुणीतरी पिन घालून रिसेट दाबलं होतं. सेटिंग सेव्ह केलं नसेल असं म्हणाल, तर निघताना तुमच्यासमोर स्विचची वायर काढून परत लावून दाखवली होती, सगळं जसंच्या तसं आलं होतं. कुणी दाबलं ते मी विचारलं नाही आणि आत्ताही विचारत नाही.

यापुढं कोटेशनवर स्पीडचं मराठीत ठळक लिहू, वेळेचा अंदाजही आधी सांगायचा प्रयत्न करू, बाकी पण सुधारणा चालू आहेत.

सेटिंग परत करून द्यायला येतो, व्हिजिट चार्ज घेणार नाही, फक्त आदल्या दिवशी फोन करा. आमच्याकडून करून घ्यायचं नसेल तरी अडचण नाही, दोन्ही स्विचची बॅकअप फाईल काम झालं त्याच संध्याकाळी तुमच्या मेलवर पाठवलीय, दुसरा कुणीही लोड करून देईल. रिव्ह्यू काढा म्हणत नाही. तो एक शब्द तेवढा बघा.