सहा महिने हप्ता माफ? असा नियमच नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला. "नोकरी गेली? घाबरू नका. आरबीआयच्या नियमानुसार सहा महिने होम लोनचा हप्ता भरावा लागत नाही. बँकेला मात्र कळवू नका, कळलं की घर जप्त करतात. कर्जाला विमा असतोच, तो हप्ते भरतो. आणि वर्षभर तरी बँक घराला हात लावू शकत नाही." खाली हात जोडलेले तीन इमोजी. एकेक दावा बघू.

सहा महिन्यांचा उगम कुठला, हे ओळखू येतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ती सवलत तिथेच संपली. नोकरी गेली म्हणून आपोआप हप्ता थांबतो, असा नियम आज नाही. आणि तेव्हाही हप्ता माफ नव्हता, लांबला होता. व्याज चढतच होतं. नुकतंच घेतलेलं ३० लाखांचं, साडेआठ टक्क्यांचं, २० वर्षांचं कर्ज धरा. हप्ता साधारण २६ हजार. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज साचून बाकी सुमारे १ लाख ३० हजारांनी फुगते, आणि हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी जवळपास २७० हप्ते भरावे लागतात. सहा टळले, तीस वाढले. दंड यात धरलेलाच नाही.

"बँकेला कळवू नका" हा यातला सगळ्यात घातक सल्ला. तुम्ही सांगा किंवा लपवा, हप्ता चुकल्याचं बँकेच्या सिस्टिमला लगेच कळतं. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. मग फाइल वसुलीवाल्यांकडे जाते आणि बोलण्याचा सूरच बदलतो. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आधीच शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत रिलीव्हिंग लेटर, खात्याचं स्टेटमेंट आणि सध्या दरमहा किती झेपेल तो खरा आकडा. मागायचं काय, तर मुदत वाढवून हप्ता कमी करा, काही महिने फक्त व्याज घ्या, किंवा कर्जाची पुनर्रचना करा. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. काउंटरवरचं "बघतो साहेब" पुढे कुठेच दाखवता येत नाही. बँक हो म्हणायला बांधील नाही, हेही खरं. शिवाय पुनर्रचनेची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होते, आणि बायको सहकर्जदार असेल तर तिच्याही.

विम्याचं थोडक्यात. गृहकर्जासोबत गळ्यात मारलेली पॉलिसी बहुधा कर्जदाराच्या मृत्यूसाठी असते. नोकरी जाण्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही सहसा मोजक्याच हप्त्यांपुरतं असतं. पॉलिसी काढून वाचा.

आता "वर्षभर". २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जासाठी तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, बँकेला आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. एनपीएनंतर ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. ९० आणि ६०, म्हणजे पाच महिने. बहुतेकदा आधी कागदोपत्री ताबा होतो: दारावर नोटीस चिकटते आणि पेपरात तुमच्या नावानिशी, फ्लॅट नंबरासकट छापून येतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँका जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, त्यात महिने जातात. मेसेजमधलं वर्ष बहुधा तिथून आलं असावं.

नोटीस आली तरी हात बांधलेले नसतात. लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं; महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. पुढे नोकरीची काहीच चिन्हं नसतील तर घर स्वतः विकणं, मनाला कितीही लागलं तरी, लिलावापेक्षा बरं. फक्त नोटिशीनंतर विकायला बँकेची लेखी संमती लागते, म्हणून हा विचार आधीच करावा.

वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केला, शिवीगाळ केली, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

मेसेज टाकणाऱ्या काकांना मी त्या नियमाचा परिपत्रक क्रमांक विचारला आहे. निळ्या खुणा कधीच उमटल्या.