मुलाला आधी अभय द्या

नागपूरला फोन लावला की हल्ली, मुलांना लैंगिक शिक्षण द्यायचं का आणि कुणी, हा वाद निघतोच. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, "लेकराईले कायले सांगाचं हे सारं? वेळ आली का समजते आपोआप." बहीण म्हणते, शाळेनं सांगावं. भाचा नववीत आहे, हातात स्मार्टफोन आहे, आणि 'आपोआप' जे समजायचं ते त्याला तो फोन केव्हाच सांगून बसलाय.

शाळेचं म्हणाल, तर 2007 साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला ज्या राज्यांनी दार लावून घेतलं त्यांत महाराष्ट्र होता. संस्कृती बिघडेल ही भीती अजून गेलेली नाही. मी राहते त्या इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळेतही नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे. म्हणून इथले पालक फार मोकळे असतात असं कुणी समजू नये. आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, बर्मिंगहॅमला या धड्यांविरुद्ध शाळेच्या फाटकासमोर निदर्शनं झाली होती.

पण इथे चार-पाच वर्षांच्या पोरांना शिकवतात ती एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चड्डीखाली झाकलेलं शरीर तुझं आहे, तिथे कुणी हात लावायचा नाही. आणि ज्या गुपितानं पोटात गोळा येतो ते पोटात ठेवायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी 2021 मध्ये, कपड्यांवरून स्पर्श झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून तो पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा लैंगिक अत्याचार नाही असा निकाल दिला होता. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. पण माझ्या शहरातून आलेला तो निकाल वाचून झालेला संताप अजून उतरलेला नाही.

गुपिताचा धडा ऑनलाइन जगात तर जास्तच कामाचा. भाच्याच्या वयाच्या मुलांना कसं अडकवतात पाहा. इन्स्टाग्रामवर एखाद्या मुलीच्या नावानं ओळख होते, गप्पा दुसऱ्या ॲपवर जातात, तिकडून एक उघडा फोटो येतो आणि बदल्यात याचाही मागितला जातो. फोटो गेला की सूर बदलतो. त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: पैसे टाक, नाहीतर तुझ्या आईबाबांना, वर्गातल्या सगळ्यांना पाठवतो. पोरगं पैसे टाकतं. मग आणखी मागणी येते.

समोरच्याचं खरं भांडवल तो फोटो नाहीच. बापाला कळलं तर चामडी सोलेल, फोन कायमचा जाईल, ही मुलाची भीती हेच त्याचं भांडवल. "असलं काही दिसलं तर फोन फोडून टाकीन" असं आपण रागात म्हणतो तेव्हा ते भांडवल आपणच पुरवतो. म्हणून बहिणीला माझं सांगणं एवढंच आहे: शाळेची वाट पाहू नकोस. मुलाला समोर बसवून स्पष्ट सांग, काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आमच्याकडे आलास तर मार नाही, आरडाओरडा नाही, फोनही काढून घेणार नाही.

"मंग तो बिनधास्त होईल ना," ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे. फोनचे नियम कडक ठेवावेत, रात्री तो हॉलमध्येच चार्जिंगला लावावा, माझी काही हरकत नाही. फक्त खरं बोलल्याची शिक्षा होता कामा नये.

एक गोष्ट नागपूरकडे इथल्यापेक्षा जास्त आहे: माणसं. आईला सांगवत नसेल तर मावशी आहे, मामा आहे, वरच्या मजल्यावरचा मोठा चुलतभाऊ आहे. पण तो माणूस मुलानं स्वतः निवडावा, आपण नेमू नये. कारण पॉक्सोच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच निघतो.

आणि प्रसंग आलाच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायची नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, मग ते खातं ब्लॉक करायचं. सायबर फसवणुकीसाठी 1930 ही हेल्पलाइन आहे, मुलांच्या मदतीसाठी 1098. अठराच्या आत काढलेला फोटो असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. ती आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा बनवते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो शोधून हटवू शकतात. भाच्याला हे मी स्वतः फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, माझ्या एका मित्राला पाठवू का हे?"