नुसतं माटुंगा नाही, माटुंगा रोड!

माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द 'रोड' हा आहे. 'आई' त्याच्या बऱ्याच खाली येतो, आणि बायकोचं नाव तर पहिल्या दहात तरी आहे की नाही याची मला खात्री नाही.

"कुठे राहता?"

"माटुंगा रोडला."

"अरे वा, माटुंग्याला! मग काय, रोज इडली-सांबार, फिल्टर कॉफी!"

"माटुंगा *रोड*. वेस्टर्नचं. पश्चिमेला."

"हो हो, तेच ते."

तेच ते नाही हो. तीस वर्षं मी हेच सांगतोय. 'रोड' हा शब्द माझ्या तोंडातून निघतो खरा, पण समोरच्याच्या कानाशी पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडतो.

ज्यांनी मुंबई फक्त नकाशात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. मध्य रेल्वेवर दादर आणि शीव यांच्यामध्ये माटुंगा नावाचं स्टेशन आहे. पश्चिम रेल्वेवर दादर आणि माहीम यांच्यामध्ये माटुंगा रोड आहे. दोन सख्ख्या जावांसारखी ही स्टेशनं. आडनाव एक, चुली वेगळ्या. मधे रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना 1915 पासून पाय पसरून बसलाय. एकीकडून दुसरीकडे जायचं तर झेड ब्रिज नावाचा पादचारी पूल आहे. ज्याने त्याला हे नाव दिलं त्याने फार विचार केला नसावा, पूल चढल्यावर आपोआप सुचतं.

बरं, रेल्वे म्हणते माटुंगा. पोस्ट म्हणतं माहीम, 400016. पलीकडचं माटुंगा 400019. महापालिकेच्या दृष्टीने ते एफ उत्तर, आम्ही जी उत्तर. आणि बायकोच्या माहेरचे म्हणतात, "दादरच्या पुढे कुठेतरी."

'रोड' या शेपटाचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे. नाशिक रोडला उतरलं की नाशिक लगेच समोर येत नाही. सावंतवाडी रोडला उतरलेल्या माणसाला सावंतवाडी गाठायला आणखी एक वाहन लागतं. तात्पर्य, नावापुढे रोड लागला की समजावं, गाव इथे नाही. इथून गावाकडे रस्ता जातो, एवढंच रेल्वे प्रामाणिकपणे सांगते आहे. आमचं स्टेशनही तेच सांगतंय: माटुंगा तिकडे, आम्ही नुसता रस्ता. मग मी नक्की राहतो कुठे, हा प्रश्न मी सहसा रात्री झोपताना टाळतो.

इतिहासातही आमच्या वाट्याला मागची रांग. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती पलीकडच्या रुळांवरून, चौदा डबे, तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. आमच्या बाजूला 12 एप्रिल 1867 ला विरार ते बॅक बे अशी लोकल सुरू झाली, दिवसाला एक जायला आणि एक यायला. (आजच्या विरारकरांनी हे वाक्य बसून वाचावं. उभ्याने वाचायची सवय आहेच, पण चक्कर येईल.) त्या वेळच्या थांब्यांची यादी मी मोठ्या आशेने वाचली. माहीम आहे, दादर आहे. आम्ही नाही. पुढे 1896 च्या प्लेगनंतर शहर मोकळं करायचं ठरलं, 1898 साली सुधारणा ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, वर्तुळाकार बाग, पुढे एकाहून एक कॉलेजं. हे सगळं पूर्वेला. आमच्या बाजूला पाण्याचा पाइप. स्टेशनासमोरच्या सेनापती बापट मार्गाला जुनी माणसं अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. तिथेही शेवटी रोड आहेच. आमच्याकडे रुपारेल कॉलेज आहे, हे मात्र मी कुणालाही विसरू देत नाही.

बरोबरी करायचा प्रयत्न आम्ही केला नाही असं नाही. जुलै 2017 मध्ये पलीकडच्या माटुंग्याचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे गेला, आणि पुढच्या वर्षी विक्रमांच्या लिम्का बुकात नाव आलं. 2018 च्या महिला दिनी आमच्या स्टेशनाचा कारभारही महिलांकडे आला. मी अभिमानाने ऑफिसात सांगितलं. सगळे म्हणाले, "हो, वाचलंय ना गेल्या वर्षीच!" घरी येऊन चिडचिड केली, तर बायको म्हणाली, "तू नुसतं माटुंगा म्हणत जा ना. लिम्कात आपणही येऊ."

स्टेशन तसं गुणी आहे. फक्त स्लो गाड्या थांबतात, त्यामुळे गर्दीला ओळखीचे चेहरे असतात. फास्ट गाड्या शेजारून अशा सुसाटतात की हातातला पेपर त्या वाऱ्यावर चाळला जातो. आपण शब्दकोडं सोडवत असलो तर थेट क्रीडापानावर पोचतो. आणि गाडीतली ती उद्घोषणा! "पुढील स्टेशन, माटुंगा रोड." मराठी, हिंदी, इंग्रजी, तीनदा. अख्ख्या मुंबईत 'रोड' इतका स्वच्छ उच्चारणारी ती एकमेव बाई.

आता मामाकडे येतो.

मामा बदलापूरचा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे चाळिशीतले आणि तर्कशास्त्र कुठल्याच वयात न बसणारं. आमच्या इथल्या यशवंत नाट्यमंदिरात रविवारी चारचा प्रयोग होता. मी चार तिकिटं काढली आणि आदल्या रात्री फोनवर मामाला समजावलं, "फास्टने सरळ दादरला ये. पुलावरून वेस्टर्नला जा. स्लो पकड. पहिलंच स्टेशन माटुंगा रोड. *रोड*, मामा."

"कळलं रे. मी काय पहिल्यांदा येतोय का लोकलने?"

दादरचीही मला आता भीती नव्हती. पूर्वी तिथे वेस्टर्नचा एक नंबर आणि सेंट्रलचा एक नंबर असे दोन एक नंबर होते, आणि या घोळात कित्येक माणसं आयुष्यभर उलटसुलट धावली. डिसेंबर 2023 पासून वेस्टर्नचे एक ते सात आणि सेंट्रलचे आठ ते चौदा असे ओळीने आकडे झाले. तेव्हा मला वाटलं होतं, आता आमचाही नंबर लागेल. 2024 मध्ये विधिमंडळात स्टेशनांची नावं बदलायचा ठराव आला तेव्हा तर मी यादी दोनदा वाचली. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, डॉकयार्ड रोडचं माझगाव. चार-चार रोड एका ठरावात मोकळे झाले! आमचा तिथेच.

तर रविवारी सव्वातीनला मामाचा फोन. "आलो रे. बाहेर उभे आहोत."

"मीही बाहेरच उभा आहे. दिसत नाहीस."

"समोर फुलांची दुकानं आहेत. मामीने गजरा घेतलाय."

माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या स्टेशनाबाहेर गजरा घेणारी मामी असणं शक्यच नव्हतं. "मामा, तू दादरला उतरलास ना?"

"दादरला कशाला? माटुंगा दादरच्या आधी येतं. घास तोंडापुढून कानामागे नेऊन परत तोंडात घालायचा का? कुर्ल्याला उतरलो, स्लो पकडली, आलो."

"अरे, ते माटुंगा! मी म्हटलं होतं माटुंगा रोड!"

"खिडकीवर माटुंगाच म्हटलं. त्याने तिकीट दिलं. रिटर्न. चुकीचं असतं तर दिलं असतं का?"

याला उत्तर नसतं. मी म्हटलं, "तिथेच थांब, मी येतो," आणि झेड ब्रिजकडे धावलो. बायको नाट्यगृहाच्या दारात तिकिटं धरून. तो पूल चढताना, वळताना आणि पुन्हा वळताना माझी पन्नाशी मला प्रत्येक पायरीवर भेटत होती. पलीकडे उतरलो, स्टेशनापाशी पोचलो. फुलांची दुकानं होती, राम आश्रय हॉटेलसमोर रांग होती, रांगेत माटुंगा होतं, पण मामा नव्हता.

फोन लावला. "कुठे आहेस?"

"माटुंगा रोड! *रोड*!" मामा विजयी आवाजात ओरडला. "तुला येरझारा नको म्हणून टॅक्सी केली. रिक्षा नाहीत म्हणे तुमच्याकडे. टिळक पुलावरून आणलं त्याने. दोघंही आलो, आता तूच नाहीस!"

म्हणजे मी माटुंग्याला, मामा माटुंगा रोडला. गेल्या तीस वर्षांत माझ्या घरच्या स्टेशनाला नावानिशी आलेला हा पहिला नातेवाईक, आणि स्वागताला मी हजर नाही.

"तिथेच थांब," मी म्हटलं, "आणि या खेपेला खरंच थांब." मागून मामीचा आवाज आला, "अहो, त्याला सांगा, घाई करू नकोस, आम्ही वडापाव घेतलाय."

"मामी, तुम्ही फक्त त्यांना बसवून ठेवा," एवढंच मी म्हणू शकलो.

पुन्हा पूल. कारखान्यात रविवारच्या शांततेत उभे असलेले डबे माझ्याकडे बघत होते. दुरुस्तीला आलेले बिचारे, पण माझ्यापेक्षा बरे दिसत होते.

आम्ही दारात पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती. अंधारात गुडघे ओलांडत खुर्च्या शोधल्या. रंगमंचावर एक बाई रडत होती. ती का रडते हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मामाने मध्यंतरात शेजारच्याला विचारून घेतलं आणि आम्हाला न सांगता गप्प बसला, म्हणाला, "वेळेवर यायला हवं होतंस."

रात्री जेवण झाल्यावर मी त्यांना स्टेशनावर घेऊन गेलो आणि बदलापूरची दोन तिकिटं काढली. मामा दुखावला. "रिटर्न आहे माझ्याकडे!"

"ते माटुंग्याचं आहे, मामा. हे माटुंगा रोड."

"एवढ्याशा रोडसाठी परत पैसे?"

मी हात जोडले. "चर्चगेटकडे जाणारी गाडी पकड. पुढचं स्टेशन दादर. तिथे सेंट्रलला जा, आठच्या पुढचे प्लॅटफॉर्म. झालं."

"जा आता तू. आम्ही काय लहान आहोत?"

मी घरी आलो, चप्पल काढली, पंख्याखाली बसलो. अर्ध्या तासाने फोन वाजला.

"अरे, चर्चगेटकडे मी काही गेलो नाही. बदलापूर उत्तरेला. तू मला दक्षिणेला कशाला पाठवत होतास? उत्तरेला जाणारी गाडी आली, तीत बसलो."

"म्हणजे माहीमला आहेस?"

"होतो. तिथे एकाने सांगितलं, हार्बरने पुढचंच स्टेशन किंग्ज सर्कल, उतरलात की माटुंगा. उतरलो. इथे दुकानांच्या पाट्यांवर सगळीकडे माटुंगा लिहिलंय रे! एवढा रोड रोड करत होतास, इथे नुसतं माटुंगा आहे."

मी डोळे मिटले. माटुंगा, माटुंगा रोड आणि आता किंग्ज सर्कल. एका रविवारात मामाने मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तिन्ही मार्गांनी माटुंग्याला वेढा घातला होता. त्यातला किती प्रवास माझ्या तिकिटांत बसत होता हे मी विचारलं नाही.

"आता कुठे आहेस?"

"चालत आलो दहा मिनिटं. ते सकाळचं... दुपारचं फुलांचं स्टेशन. मामी म्हणते गजरे स्वस्त झालेत आता, रात्रीचे. कल्याण स्लो लागतेय." मागून गाडीचा आवाज आला आणि त्यावरून मामाचा, "आणि तुझी ती दोन तिकिटं ठेवलीयेत जपून, पुढच्या वेळी परत देतो. मी रिटर्नवर चाललोय!"