एका पेशंटच्या स्कॅनवरून काय सिद्ध होतं?

सुहासराव, नमस्कार. अर्धशिशीत मेंदूचे स्कॅन काय दाखवतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अर्धशिशीत शिरा फुगतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी रंगीत चित्रं कशाला? तीही एकेका पेशंटची. आणि पत्नीचा एमआरआय 'नॉर्मल' आला, मग मेंदूत काही घडतं हे कशावरून?

आधी शिरा. ही समजूत अमेरिकी डॉक्टर हॅरॉल्ड वुल्फ यांच्या कामामुळे रुजली. १९३८ मध्ये त्यांनी अर्गोटामीन हे औषध दिल्यावर कानशिलाच्या धमनीचं उडणं आणि ठणका सोबतच कमी होतात असं दाखवलं. पण २०१३ मध्ये कोपनहेगनच्या गटाने १९ स्त्रियांच्या धमन्या ऐन झटक्यात एमआरआयने मोजल्या. कवटीबाहेरच्या फुगलेल्या नव्हत्याच, आतल्या फुगल्या होत्या त्या किंचित. म्हणजे 'सगळ्यांना माहीत असलेलं' हे स्कॅननेच डळमळीत केलं. (आपल्याकडे तर अजून निम्मं घर 'पित्त झालंय, उलटी काढ' म्हणतं, ते वेगळंच.)

आता एक पेशंट. अर्धशिशीची अडचण अशी की प्लंबर दारात आला की नळ गळायचा थांबतो. झटका स्कॅनची वेळ बघून येत नाही. बॉस्टनमध्ये नुशीन हाजीखानी यांच्या गटाला असा एक माणूस मिळाला, ज्याला बास्केटबॉल खेळलं की डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा यायच्या, काहींना अर्धशिशीच्या झटक्याआधी दिसतात तशा. तो खेळून आला आणि मशीनमध्ये झोपला. मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात रक्तप्रवाहातला एक बदल हळूहळू सरकताना दिसला, मिनिटाला साधारण साडेतीन मिलिमीटर. हे २००१ मध्ये छापून आलं.

माझा भर या आकड्यावर आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी अर्धशिशीत स्वतःला दिसणारा आंधळा ठिपका कसा पसरतो ते कागदावर काढत जाऊन १९४१ मध्येच वेग काढला होता: मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर. १९४४ मध्ये ब्राझीलचे संशोधक लेआओ यांना सशाच्या मेंदूत अशीच संथ पसरणारी लाट सापडली, तिचा वेगही जवळपास तेवढाच. साठ वर्षं आधी कागदावर काढलेला आकडा स्कॅनमध्ये पुन्हा निघाला, तर तिथे पेशंट एक की शंभर हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

हॅम्बुर्गच्या शुल्टे आणि मे यांनी २०१६ मध्ये दुसरी वाट धरली. एकाच बाईंचा महिनाभर रोज स्कॅन. तेवढ्यात तीन झटके पकडले गेले, आणि दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसचं वागणं बदललेलं दिसलं. झोप, भूक, तहान सांभाळणारा हा भाग. आदल्या दिवशी जांभया येतात, गोड खावंसं वाटतं असं पेशंट पूर्वीपासून सांगत होतेच. इथे मात्र तुमची शंका मी मान्य करतो: एका बाईंवरून सगळ्यांचा नियम बांधता येत नाही, आणि इथे लॅश्लींसारखा आधीचा आकडाही हाताशी नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने, जी तुम्ही लिहिली नाहीत. अर्धशिशीसाठीच बनवलेली नवी औषधं, उदाहरणार्थ २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एरेन्युमॅब, स्कॅनमधून आली नाहीत. त्यांचं मूळ १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांनी झटक्यात मानेच्या शिरेतल्या रक्तात मोजलेल्या सीजीआरपी या द्रव्यात आहे; ही औषधं त्याचंच काम रोखतात.

वहिनींच्या रिपोर्टबद्दल. दवाखान्यातला नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, सूज. ते नाही, एवढंच 'नॉर्मल'चा अर्थ. वरच्या प्रयोगांत रक्तप्रवाहातले बदल टिपले होते, तेही नेमक्या वेळी. अर्धशिशीचं निदान आजही लक्षणं ऐकूनच होतं. त्यामुळे दुसरा एमआरआय करावा का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: दुखण्याची तऱ्हा तीच असेल तर त्यातून नवीन काही कळण्याची शक्यता कमीच. पण एकदम वीज कोसळावी तसं डोकं दुखलं, ताप आणि मान आखडली, हात-पाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर थांबू नका, तडक इस्पितळात न्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं असेल तर तेही डॉक्टरांना लवकर दाखवायला हवं.